पांढरा धूर म्हणजे बोअर गेला? आरएक्स १०० चा खुलासा

जुनी यामाहा आरएक्स १०० ही टू-स्ट्रोक मोटरसायकल पांढरा धूर ओकू लागली, की ठरलेला सल्ला मिळतो: ‘रिंगा (पिस्टनवरच्या कड्या) गेल्या, बोअर करून घे,’ म्हणजे सिलिंडर आतून घासून मोठा करून घे. हे फोर-स्ट्रोकचं गणित आहे. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलसोबत जळतंच. ते अडवणं हे रिंगांचं काम नाही.

क्रँकच्या, म्हणजे पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याच्या, दोन्ही टोकांना रबरी ऑइल सील असतात. पिस्टन वर जाताना क्रँककेसमध्ये (क्रँकभोवतीच्या बंद पेटीत) ओढ तयार होते. क्लचकडच्या सीलची कड झिजली, की त्या ओढीने गिअर ऑइल आत येतं आणि जळतं. खाली थेंब नाही, तरी गिअर ऑइलची पातळी उतरते. बोअरचा खर्च करण्याआधी ती बघा.

मॅग्नेटोकडचं (वीज तयार होते त्या बाजूचं) सील मात्र जास्त घातक. तिथून हवा ओढली जाते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), आयडलिंग, म्हणजे एक्सलरेटर न देता इंजिनचा वेग, आपोआप चढतं आणि एक दिवस पिस्टन जाम होतो. धूर नाही, म्हणून कुणाला संशयही येत नाही!

सील बदलताना क्रँकच्या शाफ्टवर नख फिरवा. खाच लागली तर नवं सीलही टिकणार नाही. सीलच्या कडेला थोडं ऑइल लावा, कोरडं ठोकू नका. आणि बदलायची तर दोन्ही. वय दोघांचं सारखंच असतं.