आतडं न कापता लघवीची पिशवी मोठी करायची कल्पना आली कुठून

आमच्याकडे जळगाव-धुळ्याच्या बाजूला एखाद्या पोराची लघवीची पिशवी लहान आणि कडक असली की डॉक्टर सांगतात, आतड्याचा तुकडा जोडून मोठी करावी लागेल. आईबाप लगेच विचारतात, आतडं लावल्यावर पोऱ्याला त्रास तर नाही ना होणार? प्रश्न अगदी बरोबर आहे, कारण पुढचा सगळा इतिहास त्यातूनच निघालाय.

आतडं वापरायची पद्धत जुनी, 1888 मध्ये इटलीत तिझोनी आणि फोज्जी यांनी कुत्र्यांवर करून बघितली होती आणि पुढे माणसांत आली, पण आतड्याचं काम शोषून घ्यायचं, ते लघवीतलं आम्लही शोषतं, मग रक्तात आम्ल वाढतं, हाडं कमजोर होतात, वर चिकट स्राव येत राहतो आणि खडे होतात. 1972 मध्ये लॅपिडीस यांनी घरच्या घरी ठराविक वेळाने स्वच्छ कॅथेटर म्हणजे बारीक नळी घालून पिशवी रिकामी करायची पद्धत मांडली, तेव्हापासून ही ऑपरेशनं पुष्कळ वाढली, पण आतड्याचे त्रास काही गेले नाहीत. पिशवीला तिच्याच जातीचं अस्तर पाहिजे होतं.

इकडे प्लास्टिक सर्जरीत वेगळंच चाललं होतं. 1957 मध्ये न्यूमन यांनी कानाजवळच्या कातडीखाली रबरी फुगा ठेवून हळूहळू फुगवला आणि वाढलेली कातडी कान बनवायला वापरली, तेव्हा फार कोणी लक्ष दिलं नाही. 1976 ला राडोव्हान यांनी सिलिकॉनची पिशवी आणली. ती कातडीखाली बसवायची, बाजूच्या छोट्या पोर्टमध्ये, म्हणजे सुई टोचायच्या तोंडात, सुईने थोडं थोडं सलाईन भरायचं, कातडी पांढरी पडली किंवा दुखायला लागली की थांबायचं आणि काही दिवसांनी परत भरायचं. कातडी नुसती ताणत नाही, नवीन पेशीही तयार होतात, मला यातली हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते.

लघवीच्या मार्गात हेच काम आजाराने आधीच करून ठेवलेलं असतं. मुलांच्या मूत्रमार्गात जन्मतः झडप असली की लघवी तुंबते, किडनीतून पिशवीकडे लघवी आणणारी, पेन्सिलीपेक्षा बारीक असणारी मूत्रनलिका फुगून आतड्याएवढी जाड होते आणि कधीकधी त्या बाजूची किडनी निकामी होते. सर्जननी ती किडनी काढून नलिका मात्र रक्तपुरवठ्यासकट ठेवली, उभी चिरून उघडली आणि पिशवीवर ठिगळासारखी शिवली. याची सुरुवात 1973 च्या सुमारास झाली, जोर धरला 1990 नंतर. अस्तर तिथलंच, त्यामुळे ना स्राव, ना आम्लाची कटकट.

मग न फुगलेल्या साध्या नलिकेचं काय? 1996 ला अटाला यांच्या टीमने सशांच्या नलिकेत कॅथेटरमधून रोज सलाईन भरून ती फुगवून दाखवली, नंतर दुसऱ्या टीमने डुकरांवर केलं. माणसांत मात्र हे रोजचं झालं नाही, कारण दोन ऑपरेशनं लागतात, इन्फेक्शनची भीती असते, आणि आधीच फुगलेली नलिका जोडली तरी काही मुलांना पुढे आतडं लावावंच लागतं.

तरी ज्यांच्या लेकराची किडनी निकामी आहे, नलिका फुगलेली आहे आणि पिशवीही लहान आहे, त्यांनी किडनी काढायच्या आधीच सर्जनला विचारा की नलिका पिशवीसाठी ठेवता येईल का, किडनीसोबत तीही काढून टाकली की हा पर्याय उरत नाही.