मातीचा पाइप नेल्यावर नळीत तार घालू नका

इंग्लंड-हॉलंडचे तंबाखू ओढायचे जुने मातीचे पाइप आमच्याकडून नेले की आठवडाभरात दोन फोन येतात. एक : “नक्की कुठल्या सालचा?” दुसरा : “साफ करताना नळी तडकली, चिकटवून द्याल का?”

दुसऱ्याचं आधी. नळीत माती दिसली की हात शिवशिवतात आणि सायकलचा स्पोक आत जातो. कृपा करून नको. कारागिराने ते भोक तार सरकवूनच पाडलं होतं, पण ओल्या मातीत. भाजलेल्या मातीत तार रेटली की कड उडते, नळी उभी चिरते. साध्या पाण्यात रात्रभर ठेवा, सावलीत वाळवा. वाटीतली, म्हणजे तंबाखू भरायच्या खोलगट भागातली, काजळी खरवडू नका. कुणीतरी खरंच ओढल्याची ती खूण आहे.

कड जपायची, कारण वयाचा अंदाज भोकावरून बांधतात. अमेरिकी पुरातत्त्वज्ञ जे. सी. हॅरिंग्टन यांनी १९५४ साली इंग्लिश नळ्यांची मापं मांडली : १६२०-५० च्या बहुतेक नळ्यांचं भोक ८/६४ इंच, १७५० नंतरच्यांचं ४/६४. पण हा हिशोब ढीगभर तुकड्यांचा. एका नळीवरून साल निघत नाही, म्हणून आमच्या चिठ्ठीवर ‘सतराव्या शतकाचा उत्तरार्ध’ एवढंच असतं. छातीठोक साल सांगणारे दुकानदार भेटतील. कशावरून, ते विचारा.

वाटी जास्त बोलते. १६०० च्या सुमाराची वाटी करंगळीचं टोक जेमतेम मावेल एवढी, कारण तंबाखू महाग. व्हर्जिनियाची तंबाखू स्वस्त झाली तशी वाटी फुगली. लांब नळी बसून ओढणाऱ्याची, ज्याला फुरसत आहे त्याची. मजूर आखूड नळी दातांत धरून दोन्ही हातांनी काम करी. जुन्या सांगाड्यांच्या दातांत त्यामुळे पडलेल्या गोल खाचा सापडतात. आयर्लंडात तर मयताशेजारी रात्र जागवायला आलेल्यांसाठी पाइप आणि तंबाखू ठेवत.

“तुटकाच का दिलात?” असंही विचारतात. वस्तू स्वस्त होती. मोडली की फेकली, नवी घेतली. अख्खा पाइप क्वचितच मिळतो, आणि मग किंमतही तशीच. त्यापेक्षा टाचेवर, म्हणजे वाटीखालच्या छोट्या उंचवट्यावर, ठसा असलेला तुकडा घ्या. हॉलंडमधल्या गौडा शहरातल्या पाइपच्या टाचेला बाजूने शहराचं चिन्ह असेल, तर तो १७४० च्या आसपासचा किंवा नंतरचा. असे चार-पाच सध्या दुकानात आहेत.

तडकलाच, तर घरी गोंद लावू नका. तुकडे कापसात गुंडाळून आणा. पहिली जोडणी मोफत; स्पोकवाल्यांना दुसऱ्यांदा मजुरी पडेल.