पीक डिस्ट्रिक्ट

पीक डिस्ट्रिक्ट म्हणजे इंग्लंडच्या मधोमध, मँचेस्टर आणि शेफिल्ड या दोन मोठ्या शहरांच्या बेचक्यात पसरलेला डोंगराळ मुलूख. बराचसा डर्बीशायरमध्ये येतो, कडेकडेने शेजारच्या काउंट्यांमध्येही शिरतो. १७ एप्रिल १९५१ ला हा ब्रिटनचा पहिला नॅशनल पार्क झाला, क्षेत्रफळ साधारण १,४३८ चौरस किलोमीटर. नॅशनल पार्क म्हटलं की आपल्याला ताडोबाचं गेट, तिकीट आणि जिप्सी आठवते, तसलं इथे काही नाही. गावं, शेतं, मेंढरं, शाळा, बाजार सगळं पार्कातच आहे, जमीन बरीचशी खाजगी आहे, आणि तरी लोक त्या जमिनीवरून हक्काने चालत जातात. हा हक्क मिळाला कसा ते माहीत नसेल तर इथला डोंगर अर्धाच बघून परत आल्यासारखं होतं.

आधी उंचीचं सांगतो. सगळ्यात उंच किंडर स्काउट, तो ६३६ मीटर, म्हणजे सिंहगडाच्या निम्म्याहूनही कमी, आणि वर सुळका वगैरे नाही, सपाट पठार आहे. पण कमी उंची बघून हलक्यात घेऊ नका, धुकं उतरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही आणि वाऱ्याचा जोर असा की किंडर डाउनफॉल धबधब्याचं पाणी उलटं वर उडतं, आपल्या नाणेघाटात पावसाळ्यात उडतं ना, तसंच. उत्तरेचा भाग डार्क पीक, काळपट खरखरीत ग्रिटस्टोन नावाचा वाळूखडक, वर पीटची म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या मातीची दलदल आणि ऑगस्टमध्ये जांभळं फुलणारं हेदरचं झुडूप. दक्षिणेचा व्हाइट पीक चुनखडीचा, हिरवागार, अरुंद दऱ्या आणि मातीचुन्याशिवाय नुसते दगडावर दगड रचलेले मैलोन् मैल गडगे. ग्रिटस्टोनची दळायची मोठाली जाती इथे घडवायचे, धंदा बसला तशी ती तिथेच टाकून दिली, आजही स्टॅनेजच्या कड्याखाली गवतात पडलेली दिसतात, आणि पार्काची खूण म्हणून जात्याचा दगडच निवडलेला आहे.

आता हक्काची गोष्ट. मँचेस्टर-शेफिल्डच्या गिरण्या-कारखान्यांत आठवडाभर धुरात राबणाऱ्या माणसाला रविवारी मोकळी हवा हवी असायची, आणि डोळ्यासमोरचं किंडरचं पठार मात्र बंद, कारण तिथे जमीनदारांची ग्राउस पक्ष्यांची शिकार चालायची आणि राखणदार लोकांना हुसकावून लावायचे. २४ एप्रिल १९३२ ला बेनी रॉथमन नावाच्या वीस वर्षांच्या पोराच्या पुढाकाराने शेकडो जण हेफिल्डजवळच्या दगडखाणीत जमले आणि सरळ वर चढले. राखणदारांशी झटापट झाली, खाली उतरल्यावर धरपकड झाली आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. डोंगरावर चालायला गेलेल्यांना थेट तुरुंग, म्हणून लोक चिडले आणि चळवळ उलट वाढली. १९४९ चा नॅशनल पार्कचा कायदा, मग २००० चा मोकळ्या माळरानावर पायी फिरायचा हक्क देणारा कायदा, यामागे अनेकांची मेहनत आहे पण किंडरचं नाव त्यात कायम घेतलं जातं. २००२ मध्ये, सत्तराव्या वर्षाच्या कार्यक्रमात, तेव्हाच्या ड्यूक ऑफ डेव्हनशायरनी, किंडरचे जमीनदार असलेल्या आपल्या आजोबांच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली.

किंडर चढायचा तर ईडेलला उतरायचं, मँचेस्टर-शेफिल्ड लोकल गाडी तिथे थांबते, स्टेशनातून बाहेर पडलं की पायवाट सुरू. याच ईडेलमधून पेनाइन वे हा लांब पल्ल्याचा पायी मार्ग निघतो, १९६५ ला सुरू झालेला, स्कॉटलंडच्या हद्दीपर्यंत ४३१ किलोमीटर. लाखो बुटांनी पीटचा चिखल झाला तेव्हा वाटेवर फरशा टाकल्या, त्यातल्या कितीतरी बंद पडलेल्या कापड गिरण्यांच्या जमिनीच्या जुन्या लाद्या आहेत, हेलिकॉप्टरने वर आणलेल्या. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, ज्या लादीवर उभं राहून कामगार दिवस काढायचे तीच आता डोंगरावर पायाखाली आहे. अमेरिकेतल्या यादवीच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५, आपल्या वऱ्हाड-खानदेशचा कापूस मँचेस्टरभोवतीच्या लँकेशायरच्या गिरण्यांत जायचा, तेव्हा ही नाळ आपल्यालाही थोडी जोडलेली आहे.

चालायचे नियम सोपे आहेत. पिवळा बाण म्हणजे फक्त पायी, निळा बाण म्हणजे घोडा-सायकलही चालते, फाटक जसं होतं तसं ठेवायचं, आणि १ मार्च ते ३१ जुलै मोकळ्या माळावर कुत्रा दोरीनेच न्यायचा कारण पक्षी जमिनीवर अंडी घालतात. मोबाइलला रेंज जाते, कागदी नकाशा ठेवा. चढण नकोच असेल तर बेकवेलजवळची मोन्सल ट्रेल, जुन्या रेल्वेमार्गावरची सपाट वाट, बोगद्यांतून जाते, म्हातारी माणसं आणि बाबागाडी दोन्ही आरामात.

कॅसलटनला गुहा आहेत, एकीत तर होडीने जातात, आणि तिथल्याच डोंगरात जांभळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा ब्लू जॉन दगड मिळतो. शेजारच्या मॅम टॉर डोंगराचा उतार सतत सरकतो, त्यावरचा रस्ता दुरुस्त करून करून शेवटी १९७९ ला बंदच केला, मोडलेलं डांबर अजून तसंच पडलंय. चॅट्सवर्थ हा डेव्हनशायर घराण्याचा वाडा, तिथलं मोठं कारंजं पंपाशिवाय उडतं, डोंगरावरच्या तळ्यातलं पाणी नुसत्या उताराने येतं. बक्सटनला १९०३ चं ऑपेरा हाउस आणि जुलैमधला संगीत महोत्सव, शिवाय २७-२८ अंशांचं कोमट झऱ्याचं पाणी फुकट भरून घ्यायला लोक कॅन घेऊन येतात. बेकवेलचं पुडिंग खा, बदाम, अंडं आणि खाली जॅम. सोमवारी गेलात तर बाजारही मिळेल.

मे ते सप्टेंबर गावोगाव विहिरी सजवतात, वेल ड्रेसिंग म्हणतात, टिसिंग्टनची सगळ्यात जुनी मानली जाते. लांबून रांगोळी वाटते पण काम वेगळं आहे. लाकडी फळ्या आधी काही दिवस पाण्यात भिजत घालतात, त्यावर मिठाने मळलेली ओली माती थापतात, कागदावरचं चित्र टोचून मातीवर उतरवतात, रेघा बियांनी भरतात आणि मग पाकळ्या खालून वर लावत जातात, प्रत्येक ओळ खालच्या ओळीवर थोडी चढवून, आपली कौलं चढवतात तशी, म्हणजे पाऊस ओघळून जातो. आठवडाभर टिकतं, मग उतरवतात.

आणि ईम हे गाव. स्पेलिंग बघून लोक एयाम म्हणतात, गावकरी ईम म्हणतात. १६६५ मध्ये लंडनहून शिंप्याकडे आलेल्या कापडासोबत प्लेग आला. पुढच्या वर्षी, धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन आणि त्यांच्या आधीचे थॉमस स्टॅनली यांनी समजावल्यावर, गावाने स्वतःला कोंडून घेतलं, कोणी बाहेर जायचं नाही. किमान २६० माणसं गेली, मॉम्पेसन यांची बायको कॅथरीनही त्यात. एलिझाबेथ हॅनकॉक या बाईने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतःच्या हातांनी पुरली, ती थडगी गावाबाहेर शेतात आहेत. स्टोनी मिडलटनच्या वाटेवर एक धोंडा आहे, त्याला भोकं पाडलेली, रोग पसरू नये म्हणून गावकरी त्यात व्हिनेगर भरून पैसे ठेवायचे आणि बाहेरचे लोक तिथे धान्य ठेवून जायचे. ती भोकं आता कडेने गुळगुळीत झालीत, येणारा प्रत्येक जण त्यात बोट घालून बघतो. गावापासून तिथवर चालत जाता येतं. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी गावाजवळच्या घळीत उघड्यावर प्रार्थना होते, प्लेगच्या वेळी चर्च बंद करून लोक जिथे दूर दूर उभे राहायचे, त्याच जागी.