ध्येय कसं ठरवायचं : कारखान्यातून अभ्यासिकेत आलेल्या रीतीची पार्श्वभूमी

लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या अभ्यासिकांमध्ये टेबलासमोर कागद चिकटवलेले असतात. हव्या असलेल्या पदाचं नाव, परीक्षेचं वर्ष, कुठे 'स्मार्ट' ध्येयाचा तक्ता, कुठे '21 दिवसांत सवय'. यातली एकही गोष्ट अभ्यास करणाऱ्या एकट्या मुलासाठी तयार झालेली नव्हती. तिचं मूळ कळलं की तिच्यातलं काय घ्यायचं तेही कळतं.

'स्मार्ट' आलं कंपन्यांतून. व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी 1954 साली उद्दिष्टांनुसार व्यवस्थापनाची, म्हणजे आधी उद्दिष्टं ठरवून त्यांवरून काम तपासण्याची कल्पना मांडली. पुढे 1981 मध्ये जॉर्ज डोरन यांनी उद्दिष्ट लिहिण्याच्या पाच कसोट्या दिल्या, ज्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'स्मार्ट' हे नाव झालं: नेमकं, मोजता येणारं, कोणाकडे सोपवलं ते ठरलेलं, वास्तवाला धरून, मुदतीचं. प्रत्येक उद्दिष्ट पाचही कसोट्यांना उतरलंच पाहिजे, असा त्यांचा आग्रह नव्हता. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांपर्यंत येता येता तिसरी कसोटी गळाली आणि तिच्या जागी 'साध्य होण्यासारखं' आलं. ही गळती महागात पडते. कंपनीत काम कोणाचं आणि हिशेब कोणाला द्यायचा हे ठरलेलं असतं. खोली करून एकट्याने अभ्यास करणाऱ्याला विचारणारं कोणी नसतं, म्हणून दर आठवड्याला वही कोणाला दाखवायची, ते नाव ध्येयाच्या कागदावरच हवं.

कसोट्यांमागचं खरं संशोधन एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांचं. लॉक यांचा पायाभूत लेख 1968 चा. लॅथम यांनी 1975 मध्ये प्रसिद्ध केलेला अमेरिकेतल्या ओक्लाहोमाचा प्रयोग मुद्दाम समजून घ्यावा असा आहे. लाकडाचे ओंडके वाहणारे ट्रक कायद्याने परवानगी असलेल्या वजनाच्या जेमतेम 60 टक्के भरून निघत. 'जमेल तेवढं भरा' सांगून काही फरक पडत नव्हता. मग 94 टक्क्यांचं लक्ष्य दिलं आणि वजनाची नोंद ठेवली. जादा मजुरी न देता भरणा 90 टक्क्यांच्या आसपास गेला. अवघड पण नेमकं लक्ष्य 'जमेल तेवढं'पेक्षा सरस ठरतं, हे त्यातून दिसलं.

पण त्या चालकांना ट्रक भरता येतच होता. इथेच आपल्याकडची बहुतेक ध्येयं फसतात. 1989 मध्ये रूथ कॅन्फर आणि फिलिप अॅकरमन यांनी विमान वाहतूक नियंत्रणासारखं अनोळखी, किचकट काम शिकणाऱ्यांना सुरुवातीलाच आकड्याचं लक्ष्य दिलं, तेव्हा त्यांची कामगिरी उलट घसरली. डोकं शिकण्यात गुंतायचं ते आकड्यात अडकतं. शेकडेवारीच कच्ची असलेल्या मुलाने पहिल्याच महिन्यात '100 पैकी 80 गुण' लिहू नये. 'शेकडेवारीचं उदाहरण तीन रीतींनी सोडवता येणं' असं लिहावं. रीत हाताला बसली की मग गुण आणि वेळ.

21 दिवसांची गोष्ट तर अभ्यासाशी संबंधितच नाही. मॅक्सवेल माल्ट्झ हे प्लास्टिक सर्जन. नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान 21 दिवस लागतात, असं त्यांनी 1960 मध्ये लिहिलं. त्यातला 'किमान' पुढे कोणी लक्षात ठेवला नाही. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी 96 जणांच्या रोजच्या सवयी तपासल्या, तेव्हा सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस निघाले. कोणाला 18, तर कोणाला 254 लागतील असा अंदाज होता. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही दिसलं. बाविसाव्या दिवशी सवय लागली नाही म्हणून वही बंद करणाऱ्या मुलांना हे कोणीतरी सांगायला हवं.

मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी 1990 च्या दशकात दाखवलं की ध्येयाला 'अमुक झालं की तमुक करीन' अशी जोड दिली तर ते पार पडण्याची शक्यता बरीच वाढते. मराठवाड्याला ही शिस्त नवी नाही. माळकऱ्याचा एकादशीचा नेम 'जमेल तेव्हा उपास' असा कधीच नव्हता. तिथी ठरलेली, आणि त्या दिवशी काय खायचं नाही तेही ठरलेलं. अभ्यासाचा नेम तसाच बांधावा: 'संध्याकाळी चहा झाला की अभ्यासिकेत, आणि बसल्याबरोबर पहिली 25 मिनिटं अंकगणित.' लाइट गेली तर काय वाचायचं, तेही आधीच लिहावं. शेतकरी घरात ऑक्टोबर सोयाबीन काढणीचा. त्या महिन्यात मोठी मुदत ठेवली की ध्येय हमखास मोडतं. त्या दिवसांसाठी 'रात्री जेवण झालं की 10 प्रश्न' एवढाच छोटा नेम ठेवावा आणि मोठा टप्पा काढणी-मळणी उरकल्यावर घ्यावा.

राहिला ताळा. लातूर पॅटर्न, म्हणजे परीक्षेच्या तयारीची लातूरची पद्धत, म्हटलं की लोकांना जादा तास आठवतात. राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या काळात रुजलेल्या या पद्धतीचा आमच्या मते सर्वांत मोलाचा भाग म्हणजे सराव चाचण्या आणि तपासून हातात परत येणाऱ्या उत्तरपत्रिका. लॉक आणि लॅथमही हेच सांगतात: आपण कुठे आहोत ते कळत नसेल तर नुसतं लक्ष्य चालत नाही. घरी करायचं तर वहीत चार रकाने आखावेत: घटक, चूक, कारण, पुन्हा सोडवण्याची तारीख. कारणाच्या रकान्यात 'येतच नव्हतं', 'घाई झाली' किंवा 'वेळ संपला' यांपैकी एकच लिहावं. 'येतच नव्हतं' जास्त वेळा आलं तर तो घटक परत शिकायला घ्यावा, 'घाई झाली' असेल तर त्याच घटकाचे प्रश्न घड्याळ बाजूला ठेवून सोडवावेत, आणि 'वेळ संपला' असेल तरच घड्याळ लावून सराव वाढवावा.