कारखान्यालाच टाळं लागलं तर संप कोणाविरुद्ध करायचा?

कामगाराकडे हत्यार एकच, काम थांबवायचं. पण मालकानेच कारखाना बंद केला किंवा सगळ्यांना एका झटक्यात घरी बसवलं तर थांबवायला कामच उरत नाही, मग गेटवर मांडव घालून महिनोन्‌महिने बसा, घोषणा द्या, मालकाचं काय जातंय? म्हणून काढून टाकलेल्या कामगारांच्या लढ्यात बाहेरच्यांचा हात लागतोच, आणि मालक, गिऱ्हाईक, माल तिन्ही वेगवेगळ्या देशात असतील तर हे बाहेरचे पण परदेशातलेच लागतात. त्यामुळे परदेशातून आलेला पाठिंबा म्हणजे नुसता भावनेचा मामला असं जे बोललं जातं ते मला पटत नाही, त्याच्या मागे बराच व्यवहार आहे.

याची सुरुवात शोधायची तर १८६४ पर्यंत मागे जावं लागतं. त्या साली लंडनमध्ये पहिली आंतरराष्ट्रीय कामगार संघटना निघाली, आपण जिला पहिली इंटरनॅशनल म्हणतो ती. इंग्लंडमध्ये संप झाला की मालक लोक युरोपातून स्वस्तातले संपफोडे आणायचे, ते बंद कसं पाडायचं ही त्या लोकांची एक मोठी चिंता होती. १८६७ मध्ये पॅरिसच्या ब्राँझ कामगारांना मालकांनी लॉकआउट केलं, म्हणजे टाळं लावून कामाबाहेर ठेवलं, तेव्हा लंडनच्या युनियन्सनी त्यांच्यासाठी पैसे उभे केले. १८८९ च्या लंडन गोदी संपात तर ऑस्ट्रेलियातून सुमारे ३०,००० पौंड आले, त्या काळात ही रक्कम किती मोठी असेल विचार करा, पैसे संपत आलेले होते आणि या मदतीने संप तगला.

पण पैसे पाठवणं वेगळं आणि दुसऱ्याच्या भांडणात आपलं काम थांबवणं वेगळं. खरी धार दुसऱ्यात आहे हे सरकारांना पण कळत होतं. अमेरिकेत १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने दुसऱ्या कंपनीतल्या कामगारांसाठी बहिष्कार घालण्यावर बंधनं आली, ब्रिटनमध्ये १९८० पासून थॅचरबाईंच्या काळात एकामागून एक कायदे आले आणि १९९० पर्यंत सहानुभूतीचा संप जवळजवळ बेकायदाच झाला.

त्याचा चटका सगळ्यात जास्त बसला लिव्हरपूलला. कारखाना नाही, गोदी आहे, पण गोष्ट इथे सांगावीच लागेल. सप्टेंबर १९९५ मध्ये तिथल्या सुमारे ५०० गोदी कामगारांना काढलं, कारण काय तर काढलेल्या सहकाऱ्यांची पिकेट लाइन, म्हणजे गेटवर अडवायला उभी राहिलेली रांग, ओलांडायला ते तयार नव्हते. म्हणजे नव्या कायद्याने जे बेकायदा ठरवलं होतं तेच त्यांनी केलं, आणि म्हणून त्यांची स्वतःची युनियन सुद्धा उघडपणे मागे उभी राहू शकली नाही. मग हे लोक काय करतात, तर जगभरच्या बंदरांकडे जातात. त्यांच्यातले मोजके जण अमेरिकेला जाऊन न्यूअर्क बंदराच्या गेटवर उभे राहिले आणि तिथले गोदी कामगार त्यांना बघून आत गेलेच नाहीत.

नेपच्यून जेड जहाजाची गोष्ट तर खासच. इंग्लंडच्या टेम्सपोर्टला माल भरला, हे बंदर लिव्हरपूलच्याच कंपनीशी जोडलेलं. सप्टेंबर १९९७ च्या अखेरीस जहाज कॅलिफोर्नियात ओकलंडला लागलं तर गेटवर पिकेट, माल उतरवायला कोणी तयार नाही. तीनेक दिवस वाट बघून जहाज व्हँकुव्हरला गेलं, तिथेही तेच. मग पॅसिफिक ओलांडून जपान, योकोहामा आणि कोबेलाही कामगारांनी नकार दिला, शेवटी तैवान गाठावं लागलं. कंटेनर जहाज नुसतंच उभं राहिलं की रोजचा खर्च किती बसतो हे शिपिंगमधल्या कोणालाही विचारा! त्याच वर्षी मार्चमध्ये लिव्हरपूलचा फुटबॉलपटू रॉबी फाउलरने गोल केल्यावर जर्सी वर करून आतला गोदी कामगारांच्या पाठिंब्याचा टी-शर्ट दाखवला आणि युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, त्याला २,००० स्विस फ्रँकचा दंड केला, लोकांना लक्षात राहिला तो हाच किस्सा, पण माझ्या मते जहाजाच्या गोष्टीचं मोल जास्त होतं. तरी लढा हरला. जानेवारी १९९८ मध्ये त्यांनी माघार घेतली. कारण त्यांच्या मागे जग उभं होतं पण खुद्द लिव्हरपूलचं बंदर मात्र बदली कामगारांवर चालूच राहिलं.

आता जिथे जिंकले ते बघू. होंडुरासमध्ये चोलोमा नावाचं गाव आहे, तिथे जर्झीज दे होंडुरास हा कपड्याचा कारखाना होता, मालक रसेल अथलेटिक, रसेलची मालक फ्रूट ऑफ द लूम आणि तिच्या वर वॉरन बफेटची बर्कशायर हॅथवे. कामगारांनी युनियन बांधली, बोलणी सुरू झाली आणि जानेवारी २००९ अखेर कारखाना बंद, सुमारे १,२०० लोक बेकार. कंपनी म्हणाली मागणी घटली. वर्कर राइट्स कन्सॉर्शियम या देखरेख संस्थेने चौकशी करून सांगितलं की युनियनवरचा राग हे त्यातलं मोठं कारण आहे.

इथे गंमत अशी की रसेलचा बराच माल अमेरिकन विद्यापीठांचे लोगो छापून विकला जायचा, आणि तो लोगो वापरायचं लायसन्स देताना विद्यापीठं करारात कामगार हक्कांच्या अटी घालतात. या अटी काही आपोआप आल्या नव्हत्या, १९९० च्या दशकाच्या शेवटी विद्यार्थ्यांनी कुलगुरूंच्या ऑफिसात ठिय्या देऊन त्या घालून घेतल्या होत्या. दहा वर्षं कागदावर पडलेलं ते कलम आता कामाला आलं. होंडुरासच्या कामगारांना बोलावून कँपसोकँपस फिरवलं, एनबीए या बास्केटबॉल स्पर्धेच्या फायनलच्या बाहेर निदर्शनं केली, बफेटच्या ओमाहातल्या घराचं दार सुद्धा ठोठावलं. एकेक करत जवळजवळ १०० कॉलेजं आणि विद्यापीठांनी लायसन्स रद्द केलं किंवा पुढे दिलं नाही. मध्येच जूनमध्ये होंडुरासात सत्तापालट झाला, लष्कराने राष्ट्राध्यक्षाला उचलून देशाबाहेर नेलं, म्हणजे तिथल्या सरकारकडून काही व्हायची आशाच नव्हती. नोव्हेंबर २००९ मध्ये कंपनी नमली, त्याच भागात नवा कारखाना उघडायचा, त्या १,२०० जणांना कामावर घ्यायचं आणि होंडुरासमधल्या बाकी कारखान्यांत युनियनच्या आड यायचं नाही असा करार झाला. बंद झालेल्या कारखान्याच्या कामगारांना असं परत काम मिळणं हे कपड्याच्या धंद्यात जवळपास अशक्यच मानलं जातं बरं का.

पण ही युक्ती सगळीकडे चालत नाही. रसेलचा टी-शर्ट दुकानात दिसतो, गाडीच्या आतला अॅक्सल कोण बघतो? इटलीत फ्लोरेन्सजवळ काम्पी बिझेन्झिओला जीकेएनचा कारखाना नेमका तोच माल बनवायचा, मालक मेलरोझ ही ब्रिटिश कंपनी. ९ जुलै २०२१ ला सगळ्यांना एकत्र सुट्टी दिली आणि घरी असतानाच ईमेल, ४२२ जणांची नोकरी गेली. लोक तडक कारखान्यात पोचले आणि आतच बसले. सप्टेंबरमध्ये कोर्टाने युनियनला न विचारता हे केलं म्हणून कंपनीचं पाऊल बेकायदा ठरवलं, पुढे मालक बदलला पण उत्पादन सुरू झालं नाही आणि नंतर तर कितीतरी महिने पगारही नाही. मग त्यांनी सहकारी संस्था काढून कार्गो सायकल आणि सोलर पॅनेलचा प्लॅन आखला आणि लोकांकडून शेअरच्या रूपाने १० लाख युरो जमवायचं ठरवलं, त्यात परदेशातल्या लोकांनीही पैसे घातले. १८६७ ला लंडनहून पॅरिसला गेले ते पैसे लॉकआउट संपेपर्यंत तग धरायला होते, इथे पैसे देणारा थेट कामगारांच्या संस्थेचा भागीदार होणार होता, हा फरक मला फार मोठा वाटतो. अडचण अशी की पैसे आले तरी जागा आणि इमारत कामगारांची नव्हती, ती मिळवण्यासाठी सरकारदरबारी वेगळंच भांडण सुरू झालं.