जंगलात रणगाडा चालत नाही म्हणे!

इंडोनेशियाच्या लष्कराने २०१२ साली जर्मनीकडून लेपर्ड-२ रणगाडे घ्यायचं ठरवलं, तेव्हा जकार्तात चांगलाच वाद पेटला. हजारो बेटांचा देश. बेटांवर डोंगर, भातखाचरं, ओढे-नाले आणि वर्षभर पाऊस. तिथे साठ टनांच्या घरातलं हे धूड चालवणार कुठे, असं तिथले खासदार विचारत होते. त्याआधी नेदरलँड्सकडचे वापरलेले लेपर्ड मिळवायचा प्रयत्न झाला होता, पण पापुआतल्या मानवी हक्कांचा मुद्दा पुढे करून डच संसदेने तो सौदा अडवला. जर्मनीने मात्र विकले. एकूण १०३ लेपर्ड आले. त्यांतले ६१ खास इंडोनेशियासाठी सुधारलेले होते आणि सैनिकांना उकडू नये म्हणून त्यांत एअर कंडिशनरही बसवलेला होता.

या वादाचा धागा थेट १९४१ सालच्या मलायात, म्हणजे आजच्या मलेशियाच्या द्वीपकल्पात, पोचतो. मलायाच्या जंगलात रणगाडे उपयोगाचे नाहीत, असं ब्रिटिश लष्करी वर्तुळात धरूनच चालत. जपानी सैन्य ८ डिसेंबर १९४१ ला उतरलं तेव्हा अख्ख्या मलायात ब्रिटिशांकडे एकही रणगाडा नव्हता. जपान्यांनी दोनशेच्या आसपास आणले होते. त्यांतले ‘हा-गो’ जेमतेम साडेसात टनांचे, ‘ची-हा’ पंधरा टनांचे. युरोपातल्या मैदानावर ते खेळण्यांत जमा झाले असते. मलायात समोर दुसरा रणगाडाच नसल्यामुळे तेवढे पुरले.

११ डिसेंबरला जित्राजवळ मुसळधार पावसात १/१४ पंजाब पलटणीवर हे रणगाडे रस्त्याने चालून आले. या पलटणीतल्या बहुतेक जवानांनी रणगाडा त्याआधी कधी पाहिलेलाच नव्हता. पलटण उधळली. तिच्यातले कॅप्टन मोहनसिंग पुढे जपान्यांना जाऊन मिळाले आणि आझाद हिंद फौजेची पहिली उभारणी त्यांनीच केली. आपल्या इतिहासातल्या एका मोठ्या प्रकरणाची सुरुवात अशी रणगाड्यांच्या हल्ल्यापाशी येऊन भिडते, हे फारसं कुणी सांगत नाही.

खरा धडा ७ जानेवारी १९४२ ला स्लिम नदीवर मिळाला. पहाटे साडेतीनच्या सुमारास तीसेक जपानी रणगाडे मुख्य रस्त्याने अकराव्या भारतीय डिव्हिजनमध्ये घुसले. दोन्ही बाजूंना रबराचे मळे आणि दाट जंगल, मधून डांबरी रस्ता. रबर आणि कथील बंदरापर्यंत न्यायला ब्रिटिशांनीच तो उत्तम बांधलेला. काही ठिकाणी वळणं काढून रस्ता सरळ केला होता आणि जुनी वळणं तशीच पडून होती. पुढे अडथळा लागला की जपानी रणगाडे त्या जुन्या वळणांवरून फिरून बचाव करणाऱ्यांच्या पाठीमागे निघायचे. सकाळ उलटायच्या आत ते स्लिमच्या पुलावर पोचले. पूल उडवायला सुरुंग पेरलेले होते. लेफ्टनंट वातानाबे रणगाड्यातून खाली उतरला आणि त्याने तलवारीने त्यांच्या तारा तोडल्या. त्या एका सकाळी दोन ब्रिगेड जवळजवळ संपल्या, आणि ११ जानेवारीला क्वालालंपूर पडलं.

ब्रिटिशांची समजूत शब्दशः घेतली तर खोटी नव्हती. घनदाट जंगलात रणगाडा खरोखरच चालत नाही. पण त्या लढाईत जंगलात चालवायला गेलं होतं कोण? उष्ण कटिबंधातल्या देशांतही लढाया रस्ते, पूल, गावं आणि बंदरं यांच्यासाठीच होतात.

दोन वर्षांनी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर हाच डाव उलटला. इंफाळजवळच्या नुन्शिगुम टेकडीवर रणगाडे चढतील, अशी जपान्यांना कल्पनाच नव्हती. १३ एप्रिल १९४४ ला तिसऱ्या काराबिनियर्स या ब्रिटिश रेजिमेंटचे ‘ली’ रणगाडे डोग्रा पायदळाला सोबत घेऊन वर चढले. माथ्याची धार इतकी अरुंद की चालकाला वाट दाखवायला अधिकाऱ्यांना रणगाड्याच्या बुरुजातून डोकं बाहेर काढून उभं राहावं लागलं. त्यात रणगाड्यांवरचे सगळे अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले. शेवटी टेकडी घेतली ती एका सार्जंट-मेजरने आणि डोग्रांच्या सुभेदाराने. पुढे मार्च १९४५ मध्ये मेइक्तिला पडलं, तिथे प्रोबिन्स हॉर्स आणि रॉयल डेक्कन हॉर्स या भारतीय रेजिमेंटचे तीस टनी शर्मन रणगाडे आघाडीवर होते. अर्थात मध्य ब्रह्मदेश हा कोरडा, मोकळा पट्टा आहे. ‘ब्रह्मदेश म्हणजे जंगल’ असं नकाशा न बघता म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

या काळातले रणगाडे बघायचे तर लांब जायला नको. अहिल्यानगरच्या, म्हणजे जुन्या अहमदनगरच्या, रणगाडा संग्रहालयात जपानी हा-गो ठेवला आहे. शेजारच्या धिप्पाड यंत्रांपुढे तो अगदीच चिमुकला दिसतो.

अमेरिकनांनी व्हिएतनाममध्ये तीच समजूत पुन्हा धरली. १९५४ साली फ्रेंचांचं ‘मोबाइल ग्रुप १००’ हे पथक डोंगराळ रस्त्यावर कापलं गेलं होतं. त्यावरून ‘हा देश चिलखती दलाचा नाही’ असा निष्कर्ष निघाला, जरी त्या पथकात रणगाडे नावालाच होते. मार्च १९६५ मध्ये अमेरिकी मरीन दलाने दानांगला आपले एम-४८ रणगाडे उतरवले तेव्हा सायगॉनमधल्या त्यांच्याच राजदूताला आश्चर्य वाटलं. अखेर १९६७ मध्ये लष्कराने रीतसर पाहणी केली. कोरड्या दिवसांत देशाच्या ६१ टक्के भागात रणगाडे चालू शकतात आणि पावसाळ्यातही ४६ टक्के भागात, असं तिच्यातून निघालं.

मग ‘हलका घ्या’ म्हणून शेरिडन हा रणगाडा आला. पंधरा टनांचा, ॲल्युमिनियमच्या सांगाड्याचा. चिखलात बरा, पण भूसुरुंगावर गेला की आतल्यांचं काही खरं नसे. त्याच्या तोफगोळ्याचं बाहेरचं आवरण जळून जाणारं होतं. दमट हवेत ते ओल धरून फुगायचं. म्हणजे कमी वजन हेही आपोआप उत्तर ठरलं नाही. शेवटी ३० एप्रिल १९७५ ला सायगॉनमधल्या राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादाचं फाटक तोडून आत शिरले ते उत्तर व्हिएतनामचे रणगाडेच.

हलक्याची बाजू सर्वांत चांगली मांडली ती १९७१ च्या पूर्व पाकिस्तानने. जागोजागी नद्या, पूल मोजके. तिथे भारताच्या पंचेचाळीस कॅव्हलरीचे पीटी-७६ रणगाडे, चौदा टनांचे आणि पाण्यात तरंगणारे, गरीबपूरला धुक्यात पाकिस्तानी चॅफी रणगाड्यांशी भिडले आणि भारी पडले. पण मेघनेच्या रुंद पात्रात याच बनावटीच्या गाड्यांची इंजिनं अर्ध्या तासात तापली आणि देशी नावांना बांधून त्या ओढाव्या लागल्या.

चिखलात रुतणं फक्त वजनावर ठरत नाही, वजन किती जमिनीवर पसरतं यावर ठरतं. पंचावन्न टनी लेपर्ड-२ए४ चा दाब चौरस सेंटिमीटरला ०.८३ किलोच्या आसपास येतो. साध्या मोटारीच्या चाकाखाली याहून जास्त असतो. पुलाला मात्र हा हिशेब चालत नाही, त्याच्यावर सगळं वजन येतं. म्हणून माझ्या मते जकार्तातला वाद जंगलावर घालण्यात अर्थ नव्हता, तो पुलांवर घालायला हवा होता. सिव्हिल इंजिनिअरिंग केलेल्यांना इंडियन रोड्स काँग्रेसचा ‘क्लास ७०-आर’ भार आठवेल. त्यात सत्तर टनांचं पट्ट्यांवर चालणारं वाहन धरून पूल तपासतात. आपल्या महामार्गांच्या हिशेबात रणगाडा असा आधीपासून बसलेला आहे. जिथे पूल नाही तिथे सैन्य आपला टाकतं, आणि त्यासाठीचा ‘सर्वत्र’ हा पंचाहत्तर मीटरपर्यंत जाणारा पूल पुण्याजवळ दिघीच्या संरक्षण संशोधन संस्थेत घडला. ज्या देशाकडे ही दोन्ही अंगं नाहीत, त्याने साठ टनी रणगाडा घेतला तर तो मोजक्या रस्त्यांपुरताच राहणार.

मग घेतात कशाला? शेजाऱ्याकडे बघून, हे त्याचं बरंचसं उत्तर. सिंगापूरने ९ ऑगस्ट १९६९ च्या राष्ट्रीय दिनाच्या संचलनात एएमएक्स-१३ रणगाडे फिरवले, तेव्हा मलेशियाकडे रणगाडेच नव्हते आणि क्वालालंपुरातल्या वांशिक दंगलींना तीनच महिने झाले होते. ते पंधरा टनी रणगाडे कुणासाठी दाखवले, हे सांगायची गरज पडली नाही. पुढे मलेशियाने पोलंडकडून ४८ ‘पेंडेकर’ रणगाडे घेतले, सिंगापूरने लेपर्ड-२ आणले, आणि मग इंडोनेशियाला गप्प बसवेना.

इंडोनेशियाचे लेपर्ड सध्या जावा बेटावर जकार्ता आणि पासुरुआनच्या तळांवर आहेत, म्हणजे देशातले चांगल्यांतले रस्ते आणि पूल जिथे आहेत तिथेच. बाकी बेटांसाठी म्हणून त्याच लष्कराने तुर्कस्तानच्या मदतीने ‘हरिमाउ’ हा १०५ मिलिमीटर तोफेचा मध्यम रणगाडा बनवायला घेतला. त्याचं वजन लेपर्डच्या साधारण निम्मं आहे.