कामावर अपघात झाल्यास : स्टॅम्पपेपर करण्यापूर्वी हे वाचावे

आमच्यामार्फत विमा घेणारे बहुतेक ग्राहक इंदूरच्या सांवेर रोड, पालदा आणि पोलोग्राउंड भागातील लहान कारखानदार किंवा बांधकामाचे ठेकेदार आहेत, त्यामुळे कामगार भरपाईची पॉलिसी, म्हणजे अपघातात कामगाराला द्यावी लागणारी भरपाई विमा कंपनीने भरावी यासाठीचा विमा, हे त्यांना निराळे सांगावे लागत नाही. तरीही अपघातानंतर आम्हांला वारंवार विचारले जाते : “कामगाराला रोख पैसे देऊन प्रकरण आपसात मिटवले आहे, स्टॅम्पपेपरवर सहीही घेतली आहे, आता ती रक्कम विमा कंपनीकडून मिळेल ना?” बहुधा आम्हांला ‘नाही’ म्हणावे लागते.

भरपाईचा हक्क कामगाराने सोडून दिला किंवा कमी करून घेतला, असा कोणताही खाजगी करार कायद्याने रद्दबातल ठरतो, मग तो नोटरीसमोर केलेला असो वा पंचांसमोर. 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्यात ही तरतूद होती आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा घेणाऱ्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. मृत्यूच्या प्रकरणात तर भरपाई सक्षम प्राधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. वारसांच्या हाती परस्पर दिलेली रक्कम, मर्यादित आगाऊ रक्कम सोडल्यास, भरपाईत धरली जात नाही. शिवाय विमा कंपनीच्या संमतीवाचून जबाबदारी कबूल करू नये किंवा तडजोड करू नये, ही अट पॉलिसीत सहसा असतेच. म्हणजे दिलेले पैसे गेले, दावा अडचणीत आला आणि कामगाराचा हक्क मात्र शाबूत राहिला.

रकमेचा अंदाज नसल्यामुळेही ही चूक होते. समजा, महिना 12,000 रुपये वेतन असलेल्या 30 वर्षांच्या कामगाराची तर्जनी पॉवर प्रेसमध्ये मुळापासून तुटली. पूर्ण अपंगत्वाचा हिशेब वेतनाच्या 60 टक्क्यांवर होतो, म्हणजे 7,200 रुपये. त्याला कायद्याने या वयासाठी ठरवलेल्या 207.98 या गुणांकाने गुणले की 14,97,456 रुपये होतात. पूर्ण तर्जनीसाठी कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत कमाईच्या क्षमतेची 14 टक्के हानी दिलेली आहे, म्हणून भरपाई सुमारे 2,09,644 रुपये येते. वीस-पंचवीस हजारांत ‘मिटलेले’ प्रकरण वर्षभराने नोटीस होऊन परत येते ते यामुळेच, आणि त्या कामगाराची बाजू न्याय्य असते. अनुसूचीतील टक्का हा शेवटचा शब्दही नव्हे : सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये कोपराच्या वर डावा हात गमावलेल्या एका सुताराला, तो आता सुतारकाम करू शकत नाही म्हणून, पूर्ण अपंगत्वाची भरपाई योग्य ठरवली.

मिटवामिटवीची सुरुवात दवाखान्यातच होते. पोलीस चौकशी टळावी म्हणून मुकादम डॉक्टरांना सांगतो की माणूस घरी जिन्यावरून पडला, आणि केसपेपरवर तसेच लिहिले जाते. पुढे आम्ही कितीही अर्ज केले तरी विमा कंपनीचा तपासनीस तोच पहिला कागद पुढे ठेवतो. त्या दिवसाची हजेरी, मशीनवरचे सोबती, डॉक्टरांचे नवे प्रमाणपत्र हे सर्व गोळा करण्यात महिने जातात. दरम्यान रक्कम देय झाल्यापासून एक महिना उलटला की व्याज सुरू होते, आणि विलंबाला सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो. हा दंड सामान्यतः मालकाच्याच खिशातून जातो.

म्हणून विनंती अशी की उपचार ताबडतोब सुरू करावेत, त्यासाठी आमची किंवा कोणाचीही वाट पाहू नये. दवाखान्यात घडले तसेच सांगावे. बिले जपून ठेवावीत. आणि त्याच दिवशी, रात्र झाली असली तरी, आम्हांला कळवावे. कोऱ्या किंवा लिहिलेल्या कोणत्याही कागदावर कामगाराची सही घेऊ नये. आम्ही ‘सध्या तडजोडीची रक्कम देऊ नका’ असे सांगतो तेव्हा काही ग्राहकांना ते निष्ठुरपणाचे वाटते. परंतु कामगाराला त्याची पूर्ण रक्कम मिळावी आणि ती आपल्या एकट्यावर पडू नये, याचा आम्हांला ठाऊक असलेला हाच सरळ मार्ग आहे.

नूतनीकरणाच्या वेळी आम्ही हजेरीपट आणि पगारपत्रक मागतो, त्याबद्दलही नाराजी ऐकू येते. पॉलिसीत वेतन किंवा माणसे कमी दाखवली की हप्त्यात थोडी बचत होते, पण दाव्याच्या वेळी तोच फरक अंगाशी येतो. ठेकेदाराची माणसे आपल्या आवारात आपलेच काम करत असतील, तर मूळ मालक म्हणून आपल्याकडेही भरपाई मागता येते. त्यांची नोंद पॉलिसीत स्वतंत्रपणे करावी लागते. उपचारखर्चाचे संरक्षण बहुतेक पॉलिसींत जादा हप्ता भरून घ्यावे लागते आणि ते घ्यावे असेच आमचे मत आहे. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ज्या कारखान्यांना कर्मचारी राज्य विमा योजना (ईएसआय) लागू आहे, तेथे 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्या विमाधारक कामगाराला लाभ त्या योजनेतून मिळतात, आणि उपचारांसाठी योजनेचे नंदानगरचे रुग्णालय आहे. अशा कामगारांसाठी आमच्याकडून वेगळी पॉलिसी घेण्याचे कारण नाही.

आमच्यामार्फत पॉलिसी घेतलेल्या ग्राहकांकडून दाव्याचे कागद तयार करण्याचे शुल्क आम्ही घेत नाही. पॉलिसी दुसरीकडची असली तरी चालू वर्षाची प्रत आणि हजेरीपट घेऊन कार्यालयात यावे; कोणती माणसे संरक्षणाबाहेर राहिली आहेत ते आम्ही तपासून लेखी देऊ.